बिस्मार्कची प्रतिकृती बांधताना आधी तारीख ठरवा

पाणरेषा (धागाकर्ता)

नमस्कार. युद्धनौकांच्या प्लॅस्टिक प्रतिकृतींवर या विभागात पुष्कळ लिहिले गेले आहे. भाग चौकटीतून कसे कापावेत, कोणता गोंद कुठे वापरावा, एअरब्रश कसा धुवावा, हे सारे जुन्या धाग्यांत सापडते. हा धागा मी त्या सगळ्याच्या आधी घ्यायच्या एका निर्णयासाठी काढत आहे. प्रत्येक प्रतिकृती ही जहाजाच्या आयुष्यातल्या एका ठरावीक दिवसाची असते, आणि तो दिवस किटचा डबा उघडण्यापूर्वी नक्की केला नाही, तर हातात कितीही कसब असले तरी शेवटी उभी राहते ती समुद्रावर कधीच न तरंगलेली नौका, असे माझे ठाम मत आहे.

विमानाच्या किंवा रणगाड्याच्या बाबतीत ही अडचण तेवढी तीव्र नसते. युद्धनौका मात्र अनेक वर्षे सेवेत राहते आणि गोदीत जाऊन आली की प्रत्येक वेळी थोडी वेगळी होऊन बाहेर पडते. १९१६ साली जटलंडची लढाई लढलेली ब्रिटिश युद्धनौका वॉरस्पाइट आणि १९३४ ते १९३७ च्या पुनर्बांधणीनंतरची वॉरस्पाइट शेजारी ठेवल्या, तर अनभिज्ञ माणूस त्यांना एकच जहाज मानणार नाही. जपानची यामातो डिसेंबर १९४१ मध्ये नौदलात दाखल झाली तेव्हा तिच्यावर १५.५ सेंटिमीटरच्या तिहेरी तोफांचे चार टरेट (तोफांचे फिरते बुरूज) होते. १९४४ मध्ये त्यांतले दोन्ही बाजूंचे टरेट काढून तिथे विमानविरोधी तोफा बसवण्यात आल्या. म्हणजे ‘मला यामातो करायची आहे’ एवढ्यावर एकही भाग कापता येत नाही.

मी उदाहरण म्हणून बिस्मार्क घेतली आहे, कारण तिचे आयुष्य फार लहान होते आणि तरीही हा प्रश्न तिच्या बाबतीत सर्वांत लख्ख दिसतो. ती २४ ऑगस्ट १९४० रोजी जर्मन नौदलात दाखल झाली आणि २७ मे १९४१ रोजी बुडाली. हा काळ जेमतेम नऊ महिन्यांचा आहे. या नऊ महिन्यांत ती बाहेरून निदान चार वेळा बदलली.

दाखल झाली तेव्हा तिच्यावर अंतरमापक यंत्रे बसलेली नव्हती. त्या शरद ऋतूतल्या छायाचित्रांत मनोऱ्याचा माथा उघडाबोडका दिसतो. पुढे ही यंत्रे बसली आणि १०.५ सेंटिमीटरच्या विमानविरोधी जोडतोफाही पूर्ण झाल्या, पण त्या सगळ्या एकाच जातीच्या नव्हत्या. पुढच्या चार सी/३१ प्रकारच्या आणि मागच्या चार सी/३७ प्रकारच्या होत्या. ज्या किटमध्ये आठही जोडतोफा एकाच साच्यातून काढलेल्या असतात, ते किट इथेच चुकलेले असते. १९४१ च्या वसंतात तिच्यावर बाल्टिक छलावरण रंगवले गेले. त्यात बाजूंवर तिरके काळे-पांढरे पट्टे होते, नाळ (पुढचे टोक) आणि पिछाडी गडद करून जहाज आखूड भासावे अशी योजना होती, आणि वेगाचा अंदाज चुकवण्यासाठी खोटी लाट काढलेली होती. मे महिन्यात नॉर्वेच्या ग्रिमस्टाड फ्योर्डमध्ये नांगर टाकला असताना हे पट्टे करड्या रंगाखाली झाकण्यात आले. २१ मे रोजी ब्रिटिश टेहळणी विमानाने तिचे छायाचित्र घेतले ते याच फ्योर्डमध्ये, आणि त्याच संध्याकाळी ती तिथून निघाली. २४ मे रोजी सकाळी डेन्मार्क सामुद्रधुनीत बिस्मार्कशी झालेल्या लढाईत हूड ही ब्रिटिश युद्धनौका बुडाली. हूडवरील १,४१८ माणसांपैकी फक्त तिघे वाचले. त्याच लढाईत प्रिन्स ऑफ वेल्स या दुसऱ्या ब्रिटिश युद्धनौकेच्या तीन गोळ्यांचा मार बिस्मार्कने खाल्ला, तिच्या पुढच्या भागात सुमारे दोन हजार टन पाणी शिरले, आणि त्यानंतर ती नाळेकडे खाली झुकलेली, डावीकडे किंचित कललेली आणि मागे तेलाचा माग सोडत जाणारी अशी नौका झाली.

आता बांधणाऱ्याने स्वतःला विचारावे की यांपैकी कोणती बिस्मार्क माझ्या टेबलावर येणार आहे. पट्टे असलेली हवी असेल, तर तारीख २१ मेच्या आधीची राहते आणि तिच्याभोवती हूडच्या लढाईचा देखावा रचता येत नाही. लढाईच्या सकाळची हवी असेल, तर पट्टे नकोत. लढाईनंतरच्या दुपारची हवी असेल, तर पाण्यात तरंगणारी प्रतिकृती करताना पाणरेषा समांतर ठेवता येणार नाही, पुढे बुडालेली आणि मागे उचललेली ठेवावी लागेल. यांतले काहीही गोंद वाळल्यानंतर बदलता येत नाही. म्हणून आधी तारीख, मग त्या तारखेच्या जवळची छायाचित्रे, मग आराखडे, आणि सर्वांत शेवटी किटची सूचनापुस्तिका, असा माझा क्रम असतो. सूचनापुस्तिका भाग कुठे चिकटवायचा ते नेमके सांगते. तो भाग त्या दिवशी जहाजावर होता की नाही, हे सांगण्याची जबाबदारी ती घेत नाही.

रंगांबद्दल थोडे. जर्मन नौदलाच्या रंगतालिकेत हलसाठी (जहाजाच्या मुख्य धडासाठी) ‘डुंकेलग्राऊ ५१’ आणि वरच्या बांधकामासाठी ‘हेलग्राऊ ५०’ असे दोन करडे रंग होते, आणि पाण्याखाली तांबडा. प्रतिकृतीवर हे रंग मूळ नमुन्यापेक्षा थोडे उजळ करून लावावेत, कारण दुरून पाहिलेल्या मोठ्या वस्तूच्या आणि डोळ्यांच्या मध्ये हवा असते आणि ती प्रत्येक गडद रंग फिकट करते. १/३५० ची प्रतिकृती अर्ध्या मीटरवरून पाहणे म्हणजे खरे जहाज १७५ मीटरवरून पाहणे. किती उजळ करावे याचे सूत्र मला मान्य नाही. डबीतला रंग आणि त्यात पांढऱ्याऐवजी फिकट करडा मिसळलेले दोन-तीन नमुने प्लॅस्टिकच्या तुकड्यावर लावून, नेहमीच्या उजेडात आणि नेहमीच्या अंतरावरून पाहून ठरवावे.

आता हलच्या कामाविषयी, कारण मोठ्या नौकेचे सगळे सौंदर्य हलच्या सरळपणावर उभे असते आणि घाई नेमकी इथेच होते. २५१ मीटरची बिस्मार्क १/३५० मध्ये सुमारे ७१.७ सेंटिमीटर लांब होते आणि रुंदी दहा सेंटिमीटरच्या किंचित वर जाते. एवढ्या लांबीचे पातळ पॉलिस्टायरीन साच्यातून निघताना थोडे तरी पिळवटते. हल एकसंध असो वा दोन अर्ध्यांचे, आत आडव्या फळ्या बसवूनच ते सरळ करावे. किटमधल्या फळ्या कमी वाटल्या, तर जाड प्लॅस्टिक शीटच्या स्वतः कापून वाढवाव्यात. दोन अर्धे असतील, तर सांधा एका दमात चिकटवू नये. नाळेकडून सुरुवात करून एकेक टप्पा घट्ट धरावा, गोंद बसू द्यावा आणि मगच पुढे जावे. प्लॅस्टिकचा गोंद हा मुळात द्रावक असतो. तो दोन्ही कडा विरघळवतो आणि दाबाखाली त्या एकजीव होतात. म्हणून कडा रंगवलेल्या असतील तर तो रंग आधी खरवडला पाहिजे, नाहीतर जोड रंगाशी होतो, प्लॅस्टिकशी होत नाही. सांध्यातून वितळलेल्या प्लॅस्टिकचा बारीक मणी वर आला, तर तो पुसू नये. वाळल्यावर तोच घासला की लांबी (पुट्टी) भरण्याचे निम्मे काम वाचते. उरलेल्या फटीत लांबी भरून ४०० च्या पॉलिश पेपरने सुरुवात करावी, ८०० वरून १००० पर्यंत जावे आणि पाणी लावून घासावे. त्यानंतर प्रायमरचा एक पातळ हात मारला की डोळ्यांना न दिसलेले सगळे दोष दिसू लागतात. प्रायमर खरा त्यासाठीच असतो.

घासताना पुढच्या पोर्टहोलच्या रांगा आणि पोलादी पत्र्यांच्या सांध्यांच्या रेषा पुसट होतात. त्या राखायच्या असतील, तर त्यांच्यावर आधी चिकटपट्टी लावून मगच सांधा घासावा. पोर्टहोल मी हातड्रिलने पुन्हा खोल करतो. तीस सेंटिमीटर व्यासाची खिडकी १/३५० मध्ये ०.८६ मिलिमीटर येते, म्हणून ०.८ चे ड्रिल पुरते. ड्रिल टेकवण्याआधी सुईच्या टोकाने मधोमध खूण केली नाही, तर रांग वाकडी होते आणि वाकडी रांग खोलीच्या दुसऱ्या टोकावरूनही दिसते.

पाणरेषेच्या पट्ट्यासाठी माझी पद्धत अशी आहे. पुरेसा रुंद भाग आधी गडद पट्ट्याच्या रंगाने फवारावा. हल सपाट काचेवर अचूक समतल बसवावे, ठरावीक उंचीच्या ठोकळ्यावर पेन्सिल आडवी बांधून ती हलभोवती फिरवावी आणि पट्ट्याची एक कड आखून घ्यावी. मग पट्ट्याच्या नेमक्या रुंदीची चिकटपट्टी त्या रेषेवर लावावी, खाली तांबडा फवारावा आणि वर करडा. चिकटपट्टी काढली की दोन्ही कडा आपोआप समांतर निघतात. नाळेशी आणि पिछाडीशी जिथे हल आत वळते, तिथे चिकटपट्टी ताणू नये, ती नंतर आकसते. तिथे तिचे अरुंद तुकडे जोडावेत.

डेक, पितळी भाग आणि दोरखंड यांवर चर्चेत बोलू. ज्यांनी एखादी तारीख धरून नौका बांधली आहे, त्यांनी ती तारीख का निवडली हे आवर्जून लिहावे.

नवा_नांगर

लेख फार उपयोगी आहे. मी आजवर विमानेच बांधली आहेत आणि ही माझी पहिली युद्धनौका असेल. मला १/७०० आणि १/३५० यांत निवड करायची आहे. १/७०० लहान म्हणून सोपे, असे समजणे बरोबर आहे का? शिवाय पूर्ण हल घ्यावे की पाणरेषेपासून वरचेच, याबद्दलही आपले मत हवे आहे.

पितळी_कठडा

१/७०० ला जागा कमी लागते आणि भागही कमी असतात, पण ते सोपे नसते. माणसाची उंची पावणेदोन मीटर धरली, तर १/३५० मध्ये ती पाच मिलिमीटर होते आणि १/७०० मध्ये अडीच. एक मीटर उंचीचा कठडा १/३५० मध्ये जवळजवळ तीन मिलिमीटर असतो, १/७०० मध्ये दीड मिलिमीटरपेक्षाही कमी. तो चिमट्यात धरून सरळ चिकटवायचा आहे. पहिल्या नौकेसाठी मी १/७०० सुचवीन, पण कठड्यांशिवाय बांधा. प्लॅस्टिकमध्ये एवढा बारीक कठडा ओतता येत नाही, म्हणून बहुतेक किटमध्ये तो नसतोच. कठडे नसलेली स्वच्छ प्रतिकृती ही वाकड्या कठड्यांच्या प्रतिकृतीपेक्षा कितीतरी चांगली दिसते.

पाणरेषेपासून वरच्या प्रतिकृतींची परंपरा १/७०० मध्येच घट्ट रुजली आहे. १९७१ मध्ये जपानमधील शिझुओका येथील तामिया, हासेगावा, आओशिमा आणि फुजिमी या चार कंपन्यांनी एकत्र येऊन ‘वॉटरलाइन’ मालिका सुरू केली आणि जहाजे आपसात वाटून घेतली. सगळी एकाच प्रमाणात आणि सगळी समुद्रपातळीपासून वर असल्यामुळे घरी पूर्ण ताफा टेबलावर मांडता येऊ लागला. तुम्हाला एकाच जहाजात रमायचे असेल, तर पूर्ण हल घ्या, कारण सुकाणू, प्रोपेलर आणि हलच्या तळाची वळणे हा जहाजाचा अर्धा स्वभाव आहे. लढाईचा क्षण दाखवायचा असेल, तर पाणरेषेपासून वर.

साधा_किटवाला

धागाकर्त्यांचा आदर राखून मला थोडा वेगळा विचार मांडायचा आहे. तारीख, छायाचित्रे, आराखडे यांचा एवढा भार पहिल्याच पायरीवर ठेवला, तर नवा माणूस वाचतच राहतो आणि किट कपाटात पडून राहते. मी असे अनेक जण पाहिले आहेत की ज्यांच्याकडे एका जहाजाची सगळी माहिती आहे आणि त्या जहाजाची एकही पूर्ण प्रतिकृती नाही. डब्यात जे आहे ते, कोणताही बदल न करता, सांधे स्वच्छ आणि रंग सपाट ठेवून पूर्ण करणे ही स्वतंत्र शिस्त आहे आणि तिला कमी लेखू नये. हात तयार झाला की संशोधन आपोआप सुरू होते. माझ्या मते नव्या सभासदांना आधी बांधू द्यावे.

दुसरे असे की सगळ्याच जहाजांची कागदपत्रे बिस्मार्कएवढी उपलब्ध नाहीत. यामातोचे बहुतेक आराखडे युद्धाच्या अखेरीस नष्ट करण्यात आले. तिथे तारीख ठरवूनही पुष्कळ भाग तर्कानेच भरावा लागतो.

पाणरेषा (धागाकर्ता)

आपला आक्षेप योग्य आहे आणि संशोधनाच्या नावाखाली बांधणी टाळणे ही खरी अडचण आहे, हे मी मान्य करतो. तरीही एक गोष्ट नम्रपणे सांगतो. तारीख ठरवणे म्हणजे अनेक महिने वाचन करणे नव्हे. डब्यातले किट आहे तसे बांधणाऱ्यालाही हा निर्णय चुकत नाही, कारण अनेक किटांत दोन-तीन काळांचे भाग एकाच चौकटीत दिलेले असतात आणि डेकलच्या (प्रतिकृतीवर चिकटवायच्या छापील चित्रांच्या) कागदावरही एकाहून अधिक पर्याय असतात. पट्ट्यांचे डेकल लावायचे की नाही, एवढे ठरवले तरी अर्धी तारीख ठरते. नव्या माणसाने एका संध्याकाळी एक छायाचित्र निवडावे आणि ते टेबलासमोर टांगावे. बांधताना शंका आली की त्या छायाचित्राकडे पाहावे. छायाचित्रात न दिसणाऱ्या भागांसाठी किटवर भरवसा ठेवायला माझी काहीही हरकत नाही.

यामातोबद्दल आपण म्हणता ते खरे आहे. मात्र अशा ठिकाणी तारीख जास्तच उपयोगी पडते, असा माझा अनुभव आहे. आराखडा नसला तरी ‘हे छायाचित्र १९४१ च्या चाचण्यांचे आहे’ किंवा ‘हे १९४५ च्या एप्रिलमधले आहे’ एवढे माहीत असेल, तर कोणत्या तर्काला जागा आहे आणि कोणत्या नाही, हे कळते.

पितळी_कठडा

पितळी भागांवर चर्चेत बोलू असे धागाकर्त्यांनी म्हटले होते, म्हणून सविस्तर लिहितो.

फोटो-एच म्हणजे पातळ पितळी पत्रा रसायनाने खाऊन काढलेले भाग. कठडे, शिड्या, रडारचे जाळे, क्रेनचे जाळीदार हात, विमान सोडण्याच्या यंत्राच्या बाजू हे सर्व त्यातून मिळते. पत्र्यातून भाग काढताना काचेवर किंवा कडक फरशीच्या तुकड्यावर ठेवून धारदार पात्याने वरून दाबून कापावा. मऊ चटईवर कापला की जोडाशी तो वाकतो. वाकवायचे असेल, तर पत्रा गॅसच्या ज्योतीवर क्षणभर तापवून मऊ करता येतो, पण ज्या भागाने सरळ आणि ताठ राहायचे आहे, तो कधीही तापवू नये. लांब कठडे मी तापवत नाही, फक्त गोल टरेटभोवती बसणारे तेवढे तापवतो.

पितळाला प्लॅस्टिकचा गोंद लागत नाही. सुपरग्लू लागतो, आणि तो बाटलीतून थेट लावू नये. एका टाकाऊ तुकड्यावर थेंब काढून सुईच्या टोकाने ठिपका घ्यावा. कठडा आधी एका टोकाला एका ठिपक्याने अडकवावा, डेकच्या कडेशी सरळ आहे ना हे वरून आणि बाजूने पाहावे, आणि मगच प्रत्येक खांबाच्या पायथ्याशी पातळ गोंद सोडावा. सुपरग्लूची वाफ जवळच्या रंगावर पांढुरकी धूळ बसवते. थोडा वापरला आणि हवा खेळती ठेवली, तर ती टळते.

कठडे रंगवून लावावेत की लावून रंगवावेत, यावर दोन मते आहेत. मी चौकटीतच फवारतो, चिकटवतो आणि जोडाच्या जागा नंतर बारीक कुंचल्याने झाकतो. एवढ्या बारीक जाळीवर रंगाचे दोन जाड थर बसले, तर तिचे बारीकपण संपते आणि पितळ घेतल्याचा उपयोगच राहत नाही.

तोफांच्या नळ्यांसाठी लेथवर वळलेले पितळ मिळते. बिस्मार्कच्या मुख्य तोफांचा ३८ सेंटिमीटरचा व्यास १/३५० मध्ये १.०९ मिलिमीटर होतो. प्लॅस्टिकच्या नळीवर सांध्याची रेष लांबच लांब असते आणि ती घासताना नळी गोल राहत नाही. एकच पितळी वस्तू घ्यायची असेल, तर मी कठड्यांच्या आधी नळ्या घेईन.

दर्यावाचक

पाण्याबद्दल कुणीच लिहिले नाही, म्हणून मी लिहितो. धावती नौका दाखवताना बहुतेक जण नाळेजवळ पांढरा फेस काढतात, मागे पांढरी शेपटी काढतात आणि मधले पाणी एकसारखे खडबडीत ठेवतात. प्रत्यक्षात धावणारे जहाज स्वतःच्या वेगाची लाट बरोबर घेऊन जाते, आणि तिची लांबी मोजता येते. खोल पाण्यात ही लांबी वेगाच्या वर्गाला २π ने गुणून गुरुत्वप्रवेगाने भागले की येते. २० नॉटला (एक नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) ती सुमारे ६८ मीटर, २७ नॉटला सुमारे १२४ मीटर आणि ३० नॉटला सुमारे १५३ मीटर होते.

बिस्मार्कची पाणरेषेवरची लांबी सुमारे २४१ मीटर होती. २७ नॉट वेग धरला, तर एक शिखर नाळेपाशी, दुसरे जवळजवळ मध्यावर आणि तिसरे पिछाडीपाशी येते. त्यांच्यामध्ये दोन ठिकाणी पाणी खाली बसते आणि तिथे पाणरेषेचा गडद पट्टा, कधी त्याखालचा तांबडाही, उघडा पडतो. १/३५० मध्ये शिखरांतले अंतर सुमारे ३५ सेंटिमीटर ठेवावे. २० नॉटच्या नौकेला तेच सुमारे १९ सेंटिमीटर लागेल. म्हणजे पाणी पाहूनही वेग ओळखता येतो. याच कारणाने बाल्टिक छलावरणात नाळेवर खोटी लाट रंगवली होती, कारण दुर्बिणीतून पाहणारा माणूस वेगाचा अंदाज लाटेवरूनच करतो.

मागे पसरणाऱ्या लाटांचा कोन खोल पाण्यात वेगावर अवलंबून नसतो. जहाजाच्या मार्गापासून दोन्ही बाजूंना तो सुमारे साडेएकोणीस अंश असतो. पायाची पाटी कापण्यापूर्वी हा कोन कागदावर आखून पाहावा, कारण अरुंद पाटीवर तो लगेच कडेबाहेर जातो आणि देखावा कापल्यासारखा वाटतो. पाटी रुंद ठेवावी किंवा जहाज थोडे तिरके बसवावे.

साहित्यात मी जलरंगाचा जाड कागद पांढऱ्या गोंदाने पाटीवर चिकटवून त्याच्या सुरकुत्यांतून लहान लाटा काढतो, मोठ्या शिखरांसाठी ॲक्रिलिक जेल थापतो, त्यावर गडद निळसर हिरव्या-करड्या छटा मारतो आणि शेवटी चकचकीत व्हार्निशचे अनेक पातळ हात देतो. उत्तर अटलांटिकसाठी निळा फार कमी वापरावा. तिथल्या ढगाळ सकाळी पाणी शिशासारखे दिसते.

नवा_नांगर

सर्वांचे मनापासून आभार. मी १/३५० घ्यायचे ठरवले आहे. कठडे पुढच्या नौकेसाठी ठेवतो. तारीख २४ मेची दुपार, म्हणजे नाळ झुकलेली आणि मागे तेलाचा माग, अशी निवडली आहे. यातून दोन प्रश्न निघतात. लाकडी डेक कसा रंगवावा? आणि किटमध्ये पूर्ण हल असताना ते पाण्यात झुकलेले कसे बसवावे?

जुना_डेक

डेकबद्दल मी सांगतो. बाजारात खऱ्या लाकडाच्या पातळ पापुद्र्याचे, लेझरने कापलेले आणि मागे गोंद असलेले डेक मिळतात. ते सोयीचे आहेत, पण फळ्यांची रुंदी आणि लाकडाची नैसर्गिक नस यांचे प्रमाण जुळत नाही. पंधरा सेंटिमीटर रुंद फळी १/३५० मध्ये ०.४३ मिलिमीटर होते. त्या फळीवर दिसणारी नस मात्र पूर्ण मापाच्या लाकडाची असते. म्हणून माझी पसंती रंगालाच आहे.

आधी पूर्ण डेकवर फिकट तपकिरी-करडा रंग फवारावा. मग अरुंद चिकटपट्टीचे किंवा बारीक कुंचल्याचे साहाय्य घेऊन काही मोजक्या फळ्या किंचित गडद, काही किंचित फिकट कराव्यात. हा फरक डोळ्यांना जेमतेम जाणवेल एवढाच ठेवावा. त्यावर मॅट व्हार्निश, आणि तो पूर्ण वाळल्यावर पातळ केलेल्या तैलरंगाचा एक हात, ज्याने फळ्यांमधल्या खाचा उठतात आणि वरच्या छटा एकत्र येतात. समुद्रावर सागवान खारे पाणी, ऊन आणि घासणी यांनी करडे होते. फर्निचरच्या पॉलिशसारखा सोनेरी-पिवळा डेक युद्धनौकेवर शोभत नाही. बिस्मार्कच्या डेकवर नांगराच्या साखळ्यांची जागा, टरेटचे पाये आणि हवा घेण्याच्या टोप्या करड्या असतात. त्यामुळे डेक आधी रंगवून झाकावा आणि मग हे भाग रंगवावेत. उलट केले, तर झाकणे जवळजवळ अशक्य होते.

साखळी साच्यात ओतलेली असेल, तर ती घासून काढून खऱ्या बारीक कड्यांची बसवा. एवढ्या एका बदलाने नाळेचा सगळा भाग जिवंत होतो.

दोरखंडांसाठी ताणणारा लायक्राचा धागा वापरा. तो थोडा ताणून चिकटवला की हवामानाने सैल पडत नाही आणि हात लागला तरी डोलकाठी मोडत नाही. गरम करून ओढलेला स्प्रू (किटच्या चौकटीची प्लॅस्टिक काडी) त्याहून बारीक निघतो, पण धक्क्याला टिकत नाही. प्रमाणाचा विचार केला, तर दीड सेंटिमीटरची तार १/३५० मध्ये ०.०४ मिलिमीटर होते. म्हणून उपलब्ध असेल तो सर्वांत बारीक धागा घ्या आणि तो काळा नको, गडद करडा घ्या.

पाणरेषा (धागाकर्ता)

हल कापण्याबद्दल. काही किटांत आतून पाणरेषेची खाच दिलेली असते. ती समांतर तरंगणाऱ्या नौकेसाठी असते, म्हणून तुमच्या दिवसासाठी ती वापरू नका. हल न कापता पाटीतच खड्डा करणे तुमच्यासाठी सुरक्षित आहे. हलच्या आकाराचा खड्डा फोममध्ये कोरावा, तो पुढच्या बाजूला थोडा खोल ठेवावा आणि डाव्या बाजूला अगदी किंचित. किती, हे ठरवताना बिस्मार्कसोबतच्या प्रिन्स ऑयगेन या जर्मन क्रूझरवरून घेतलेले लढाईनंतरचे छायाचित्र समोर ठेवा. झुकाव दिसला पाहिजे, पण जहाज बुडत आहे असे वाटता कामा नये. त्या दुपारी ती २८ नॉटपर्यंत वेगाने चालत होती, हे विसरू नका, आणि दर्यावाचक यांनी दिलेल्या सूत्राने लाटांची अंतरे त्याच वेगाला काढा.

तेलाचा माग समुद्राला शेवटचा व्हार्निश देण्यापूर्वी रंगवावा. तेल पाण्याच्या लहान लाटा दाबते, म्हणून त्या पट्ट्यात सुरकुत्या आधीच जेलने थोड्या सपाट करा आणि मग त्यावर अगदी पातळ तपकिरी झाक द्या. गडद काळा पट्टा काढला, तर तो सावलीसारखा दिसतो.

आणि एक काम आजच करा. हल बंद करून डेक चिकटवण्यापूर्वी आतल्या दोन आडव्या फळ्यांवर नट बसवा आणि तळातून त्यांच्यापर्यंत भोके पाडून ठेवा. रंगवताना त्याच स्क्रूने हल लाकडी पट्टीवर उभी राहते, आणि शेवटी पाटीखालून तीच झुकावासह आवळता येते. डेक बसल्यावर तिथे हात पोहोचत नाही. नट दोन घटकांच्या इपॉक्सीने पक्के करा, सुपरग्लू आवळण्याच्या पिळाला टिकत नाही.